दहापैकी सहा

ट्यूब प्रीअ‍ॅम्प घेतला तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं: शंभर तास वाजू दे, मग मत बनव. मी वाजू दिला. रोज ऑफिसनंतर किशोरीताईंचा भूप, तोच ट्रॅक. शंभर तासांनी तानपुरा मोकळा झाल्यासारखा वाटला. मग आतल्या दोन नव्या ईसीसी८२ ट्यूब काढून इंग्लंडमध्ये बनलेली जुनी जोडी बसवली आणि आवाज चक्क खोलीभर पसरला. ऑफिसातल्या ज्युनिअरला म्हणालो, "डोळे झाकून घे." त्याने घेतली. नऊ हजार रुपये. त्याच्या महिन्याच्या घरभाड्याइतके.

शंका नंतर आली. कुणी "कोड फास्ट झाला" म्हटलं की मी आधी आकडे मागतो. इथे स्वतःकडेच मागितले नव्हते. नव्या ट्यूबचे गुणधर्म सुरुवातीला थोडे बदलतात हे खरं, पण शंभर तासांत कानही सरावतात. शिवाय एकाच नंबरच्या दोन ट्यूबचा गेन थोडा वेगळा असू शकतो, आणि किंचित मोठा आवाज आपल्याला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो.

म्हणून रूममेटला कामाला लावलं. दहा संध्याकाळी तो नाणं उडवून एक जोडी बसवायचा, तापू द्यायचा, मल्टिमीटरने आउटपुट दर वेळी सारखं करायचा आणि समोर खोका उभा करायचा. मग मी आत जाऊन ऐकायचो आणि उत्तर लिहायचो. दहापैकी सहा बरोबर आली. नुसत्या अंदाजाने सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता जवळपास ३८ टक्के असते.

मग मी खोटं बोललो का? जे वाटलं तेच तर सांगितलं. विल्यम क्लिफर्ड या ब्रिटिश गणितज्ञाने १८७७च्या एका निबंधात जहाजमालकाचं उदाहरण दिलंय. जहाज जुनं, मनात शंका, पण हा स्वतःची समजूत घालतो आणि माणसं भरून पाठवतो. ती बुडतात. त्याचा विश्वास प्रामाणिक होता, तरी क्लिफर्ड त्याला दोषी धरतो. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी, कारण विश्वास तपासून कमावलेलाच नव्हता.

माझ्यामुळे कुणी बुडालं नाही. पण उद्या तो फरक खरा निघाला, तरी मी सुटत नाही. एकट्याने ऐकताना झालेला आनंद खराच होता. 'मला असं वाटलं' याऐवजी 'असं आहे' म्हणालो, आणि त्याचं बिल दुसऱ्याने भरलं.

ज्युनिअरला सगळं सांगितलं, जोडी त्याच किमतीला परत घेतो म्हणालो. तो हसला. "नको दादा, मला फरक येतोय ऐकू."

तो त्याच्या कानांनी ऐकतोय की माझ्या वाक्याने, हे मला कळत नाही. आता कुणी विचारलं तर मी 'दहापैकी सहा' एवढंच सांगतो.