अपयशाचा समान हक्क

युवक मंडळाची सभा आटोपली होती. बाहेर पावसाची सर कोसळत असल्याने मुले-मुली चर्चच्या व्हरांड्यातच रेंगाळली होती. विषय अर्थातच फुटबॉलचा होता. त्यातला एक मुलगा मला म्हणाला, ‘‘फादर, इंग्लंडमधल्या एका क्लबने पुरुषांच्या संघाला बाई कोच नेमली होती. पंधरा दिवसांत काढली. बायकांना ते जमायचंच नाही.’’ त्यावर कोपऱ्यात उभी असलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘काढली नाही रे. तिला ठेवलीच कुठे होती?’’

सर ओसरली, मुले घरी गेली. पण त्या मुलीचे वाक्य माझ्यापाशी राहिले. ते वरवर खेळाविषयी होते. मुळात मात्र तो न्यायाचा प्रश्न होता.

ती हकिकत अशी आहे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स नावाचा एक लहानसा व्यावसायिक क्लब आहे. २०२३ साली त्याचा संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि जुलै महिन्यात प्रशिक्षक डंकन फर्ग्युसन यांना निरोप देण्यात आला. क्लबच्या युवा प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख हॅना डिंग्ली यांच्याकडे काळजीवाहू प्रशिक्षकपद आले. इंग्लंडमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक संघाची सूत्रे हाती घेणारी ही पहिलीच स्त्री. वृत्तपत्रांनी मोठे मथळे दिले. हंगाम सुरू होण्यापूर्वीचे सरावसामने तेवढे त्यांच्या वाट्याला आले. सुमारे दोन आठवड्यांत डेव्हिड हॉर्समन यांची कायम नेमणूक झाली. हे ‘कायम’पद डिसेंबरपर्यंत टिकले. त्यांच्यामागून आलेले ट्रॉय डीनी सहा सामन्यांनंतर गेले. जानेवारी २०२४ मध्ये स्टीव्ह कॉटरिल आले आणि हंगामाअखेर संघ आणखी एक पायरी खाली घसरला. सात महिन्यांत पाच नावे! त्यांपैकी एकीलाच खरा सामना खेळवण्याची संधी मिळाली नाही, आणि ‘जमत नाही’ हा शिक्का मात्र तिच्याच नावावर बसला.

प्रशिक्षक बदलण्याच्या या घाईविषयी थोडे बोलले पाहिजे. संघ हरू लागला, प्रेक्षक चिडले, की मालकाला काहीतरी केल्याचे दाखवावे लागते. पंचवीस खेळाडू एका दिवसात बदलता येत नाहीत. एक माणूस बदलता येतो. प्राचीन इस्राएलात लोकांची पापे बकऱ्याच्या माथ्यावर ठेवून त्याला रानात सोडून देत असत. आजच्या क्रीडांगणावर तोच विधी पत्रकार परिषद घेऊन पार पाडला जातो. त्याने गुण येतो का? नेदरलँडमधील अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी तेथील लीगच्या १९८६ ते २००४ या काळातील प्रशिक्षकबदल तपासले. बदलानंतर संघ सावरलेले दिसले खरे. परंतु तितक्याच वाईट अवस्थेत असूनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, तेही तसेच सावरले होते. ताप उतरायच्या बेतात असताना जो वैद्य दारात येतो, त्याच्या पदरात यश पडते, त्यातलाच हा प्रकार.

असे असेल, तर प्रशिक्षकाच्या योग्यतेबद्दलचे आपले निवाडे किती तकलादू आहेत, हे ध्यानात यावे. पुरुषाच्या बाबतीत ही चूक फार काळ टिकत नाही. एका क्लबने काढले, तर दुसरा क्लब बोलावतो. त्याच्या पराभवालाही ‘अनुभव’ म्हणतात. स्त्रीच्या बाबतीत मात्र तोच पराभव साऱ्या स्त्रीजातीच्या खाती जमा होतो. पुरुष हरला तर तो एकटा हरतो; स्त्री हरली तर ‘बायका’ हरतात.

त्यातही तिला बोलावतात केव्हा? मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम या इंग्लंडमधील दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली मोठ्या कंपन्यांचा अभ्यास करून या प्रकाराला ‘काचेचा कडा’ असे नाव दिले. गलबत बुडू लागले, की सुकाणू स्त्रीच्या हाती देण्याकडे कल होतो. काही वेळा सुकाणूही देत नाहीत, नुसते छायाचित्र काढून घेतात. २०१४ साली फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतील क्लेरमाँ या क्लबने पोर्तुगालच्या हेलेना कोस्टा यांची नेमणूक केली. कामाला हात लावण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. खेळाडूंची खरेदी आपल्याला न विचारता होत आहे, आपण केवळ दर्शनी चेहरा आहोत, अशी त्यांची तक्रार होती. त्याआधी १९९९ साली इटलीत करोलिना मोराचे यांनी व्हितेर्बेझे या पुरुषसंघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले होते. त्या दोन सामन्यांनंतर बाहेर पडल्या.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्विनास यांचा न्यायविषयक ग्रंथभाग आम्ही घोकला होता. त्यात ‘तोंड पाहून देणे’ या पापाची चर्चा आहे. संत थॉमस यांचा दृष्टान्त अध्यापकाच्या नेमणुकीचा आहे. एखाद्याला पुरेसे ज्ञान आहे म्हणून अध्यापनाचे पद दिले, तर ते पदाला धरून झाले. पण तो अमका आहे, एवढ्याच कारणाने दिले, तर पद बाजूला राहिले आणि व्यक्ती पुढे आली. हा अन्याय होय. त्याच्याही आधी ॲरिस्टॉटलने सांगितले होते, की उत्तम बासरी उत्तम वादकाला द्यावी, कुलीनाला नव्हे. ही कसोटी दुधारी आहे, हे विसरता कामा नये. स्त्री म्हणून नाकारणे हा जसा पक्षपात, तसाच वृत्तपत्रात नाव यावे म्हणून स्त्री नेमणे हाही पक्षपातच. दोन्हींत तिच्या ज्ञानाकडे कोणी पाहिलेले नसते.

यावर प्रामाणिक आक्षेप घेणारे आहेत. जिने पुरुषांचा खेळ कधी खेळला नाही, ती तो शिकवणार कसा? आक्षेप रास्त वाटतो. पण तो सर्वांना सारखा लावून पाहा. आरिगो साक्की हे वडिलांच्या धंद्यात बूट विकत असत. मोठ्या व्यावसायिक संघातून ते कधी खेळले नव्हते. त्यांच्या मिलान संघाने १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपीय चषक जिंकला. जोसे मोरिन्यो यांनी बॉबी रॉबसन यांचे दुभाषी म्हणून उमेदवारी केली. शिवाय, स्त्रियांचा खेळ न खेळलेले पुरुष स्त्रियांच्या संघांना खुशाल शिकवतात. २०२३ च्या महिला विश्वचषकातील ३२ संघांपैकी २० संघांचे प्रशिक्षक पुरुष होते. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला?

अनुभव नाही म्हणताना तो का नाही, हेही सांगितले पाहिजे. १९२० च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलमध्ये स्त्रियांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० प्रेक्षक लोटले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. ती बंदी पन्नास वर्षे टिकली. आधी शाळेचे दार लावून घ्यायचे आणि मग दाखला मागायचा, यातला प्रकार हा.

जिथे दार खरोखर उघडले, तिथे काय घडले? क्लेरमाँमध्ये कोस्टा यांच्या जागी कोरीन दियाक्र आल्या. पहिलाच सामना त्यांचा संघ हरला. क्लबने धीर धरला. पहिल्या हंगामात संघ बारावा, दुसऱ्यात सातवा आला. त्या तीन वर्षे राहिल्या. हाँगकाँगमध्ये चान युएन-टिंग या २७ वर्षांच्या तरुणीने ईस्टर्न संघाला २०१६ साली तेथील अव्वल लीगचे विजेतेपद मिळवून दिले. पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत त्याच संघाचा चीनच्या ग्वांगझूने ७-० असा धुव्वा उडवला. त्या पराभवानंतरही त्या पदावर राहिल्या, ही गोष्ट मला विजेतेपदाइतकीच मोलाची वाटते. जर्मनीत इंगोलश्टाटच्या युवा संघाच्या प्रशिक्षक सबरीना विटमान यांना मे २०२४ मध्ये मुख्य संघ काही सामन्यांपुरता देण्यात आला. त्यांनी बव्हेरियाचा चषक जिंकला आणि क्लबने त्यांना कायम केले.

इथे माझा स्वतःचा एक गैरसमजही कबूल करतो. पुरुषसंघ मिळणे म्हणजे स्त्री प्रशिक्षकाची बढती, असे मी धरून चाललो होतो. २०२१ साली चेल्सीच्या महिला संघाच्या प्रशिक्षक एमा हेज यांचे नाव खालच्या श्रेणीतल्या एका पुरुषसंघासाठी घेतले गेले, तेव्हा त्यांनी सुनावले, की महिलांचा खेळ ही खालची पायरी समजणे हा त्या खेळाडूंचा अपमान आहे. पुढे २०२४ साली पॅरिसमध्ये त्यांच्या अमेरिकन महिला संघाने ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले. दार उघडे असावे एवढीच न्यायाची मागणी असते. आत जायचे की नाही, हे जिचे तिने ठरवावे.

आणि आता जे सांगायचे टाळत होतो ते. वीसएक वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना आंतर-धर्मग्राम फुटबॉल स्पर्धेसाठी मुलांच्या संघाला प्रशिक्षक हवा होता. शाळेतील व्यायामशिक्षिका बाई त्याच मुलांना पाच वर्षे शिकवत होत्या. मुलांनी त्यांचेच नाव सुचवले. मी म्हणालो, ‘‘मुलांना पुरुष कोच बरा.’’ कारण कोणी विचारले नाही. मीही दिले नाही. एका सद्गृहस्थांना नेमले. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. पुढच्या वर्षी त्यांनाच पुन्हा नेमताना मी म्हणालो, ‘‘आता त्यांना अनुभव आला आहे.’’ बाई दोन्ही वर्षी मैदानाच्या कडेला मुलांसाठी पाण्याचा कॅन घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. म्हणूनच मला बरीच वर्षे कळले नाही, की तिथे काही अन्याय झाला होता.

बाईंनी तो चषक जिंकला असता, असे मी म्हणत नाही. कदाचित त्याही पहिल्या फेरीत हरल्या असत्या. पण त्या सद्गृहस्थांना मी हरण्याची आणि हरून पुन्हा उभे राहण्याची मुभा दिली. बाईंना ती दिली नाही. समानता ही विजयाच्या व्यासपीठावर मोजायची गोष्ट नाही, असे आता मला वाटते. एखाद्याने चूक केल्यावर आपण त्याला किती वेळ देतो, त्यावरून ती मोजावी.

आपल्या घरांत, शाळांत, मंडळांत पुढचे नाव सुचवण्याची वेळ येईल, तेव्हा ‘हिला जमेल का?’ हा प्रश्न जरूर विचारावा. मात्र तोच प्रश्न तिच्या शेजारी बसलेल्यालाही विचारावा. आणि दोघांपैकी कोणाचेही चुकले, तर सारखाच धीर धरावा. व्हरांड्यातल्या त्या मुलीला मी उत्तर द्यायचे राहून गेले होते. पुढच्या सभेत मुलांच्या संघाची यादी करताना तिला बोलावून घेणार आहे.