पुस्तक कोणाच्या हातून येतं?

धर्म माणसाने विचार करून, स्वतः निवडावा असं आपण म्हणतो. पण तो विचार ज्या पुस्तकांवर पोसतो, ती बहुतेकदा वडिलांनी, मास्तरांनी किंवा ओळखीपाळखीतल्या कुणीतरी आधीच निवडलेली असतात. मग निवड आपली कितपत?

सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी. मुलांनी रामायण-महाभारत वाचलंच पाहिजे, हा त्यांच्या घरातला दंडक. धाकटा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, इंग्रजी शाळेत एक परीक्षा पास झाला तेव्हा लोकांना सभा भरवायची होती. पोरगं शेफारेल म्हणून वडील तयार होईनात. शेवटी त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर मध्ये पडले. सभा झाली, अध्यक्षही केळुसकरच, आणि मुलाला बक्षीस मिळालं ते त्यांनीच लिहिलेलं बुद्धचरित्र.

हे सारं आंबेडकरांनी १९५६ साली ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत सांगितलं आहे, ती प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली मात्र गेली नाही.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. चरित्र वाचल्यावर मुलाने वडिलांना गाठलं: ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी सांगणारे हे ग्रंथ आम्ही का वाचायचे? वडिलांना प्रश्न रुचला नाही. मुलगा मागे हटला नाही. तेव्हा उत्तर आलं, की द्रोण आणि कर्ण हलाखीतून कुठे पोचले ते पाहा, वाल्मीकी तर कोळी. अस्पृश्य मुलांच्या मनातला न्यूनगंड जावा म्हणून हे वाचन. उत्तर प्रामाणिक होतं, पण मुलाचं समाधान झालं नाही. वडिलांच्या मित्राने दिलेल्या पुस्तकाने वडिलांच्याच पुस्तकांना प्रश्न विचारायला लावला, आणि निवड आपली होते ती इथे, असं वाटतं. पुस्तक कोणी दिलं यापेक्षा ते वाचून काय विचारलं, हे मोठं.

घराबाहेरच्या हातांचंही तसंच. मराठी कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने ‘नवा करार’ दिला. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १८९५ साली. दोन वर्षं ते स्वतःशी झगडत होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर नवऱ्याचा धर्म स्वीकारायला १९०० साल उजाडलं. एकाच घरात राहिल्याने श्रद्धा आपोआप येत नाही, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

आंबेडकरांना बुद्धचरित्र देणारे केळुसकर १९३४ साली वारले. हिंदू म्हणून मरणार नाही, ही आंबेडकरांची येवल्याची घोषणा त्यानंतरची, १९३५ सालची. बौद्ध दीक्षेला तर आणखी एकवीस वर्षं लागली.