अगाधातून वर येणारे

महाबळेश्वरापासून सांगलीपर्यंत पसरलेला काळा कातळ आणि त्याच्या झिजेतून कृष्णाकाठी साचलेली कसदार जमीन यांचा मूळ दाखला पृथ्वीच्या उदरात आहे. कारण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी प्रावरणातील तप्त खडक हळूहळू वर चढला, दाब घटताच वितळला आणि भेगांतून थरांवर थर ओतत गेला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. अगाधातून वर येणारे असेच देणे समुद्रातही आढळते: अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी पृष्ठजल दूर सारले की सोमालियाच्या किनाऱ्यापाशी खोलातले थंड, पोषक पाणी वर येते आणि मत्स्यसृष्टी बहरते.

ज्या लाव्हारसाखाली अरण्ये गाडली गेली, त्यानेच आज ऊस आणि शाळू पोसावा, यात ईश्वरी हेतू पाहावा काय? मला तसे म्हणवत नाही. कारण मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त करणारा भूकंपही त्याच हेतूच्या खाती मांडावा लागेल, आणि शोकाकुल मातेस तो हिशेब ऐकवण्याचे धाडस कोणत्याही धर्माने करू नये. निसर्गाचे देणे निर्हेतुक असले, तरी घेणाऱ्याची कृतज्ञता सहेतुक असू शकते. ऋणाचा दस्तऐवज कोणी लिहून घेतलेला नसतानाही जो या मातीचा आणि शेजाऱ्याचा सांभाळ करतो, त्याच्याच ठायी धर्म उदय पावतो, अशी माझी श्रद्धा आहे.