पायाळू बाळं गेली कुठे?

कमरेत उसण भरली की पूर्वी गावात पायाळू माणूस शोधायचे. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत होती. समजूत खरी-खोटी कशीही असो, असा माणूस बहुतेक गावांत सापडायचा. म्हणजे पायांकडून जन्मलेलं ते मूल, बहुधा त्याची आईसुद्धा, त्या अवघड बाळंतपणातून सुखरूप सुटली होती. आज विशीतला पायाळू तरुण शहरात शोधून काढणं कठीण जाईल. दिवस भरत आले तरी शंभरातली तीन-चार बाळं अजूनही डोकं वर, कुल्ले खाली अशीच असतात. मात्र त्यांतली बहुतेक आता सिझर करून बाहेर येतात.

हे घडलं कसं, याचं बरंचसं उत्तर एका अभ्यासात आहे. कॅनडातल्या मेरी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 26 देशांतल्या 2,088 गर्भवतींवर केलेली चाचणी ऑक्टोबर 2000 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. बाळ पायाळू असलेल्या काही स्त्रियांचं ठरवून सिझर केलं, काहींचं बाळंतपण नैसर्गिक मार्गाने होऊ द्यायचं ठरवलं. बाळ दगावणं किंवा त्याला गंभीर इजा होणं, याचं प्रमाण सिझरच्या गटात 1.6 टक्के निघालं आणि दुसऱ्या गटात 5 टक्के. जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांनी या आकड्यांपुढे हात टेकले. नेदरलँड्समध्ये तर दोनच महिन्यांत पायाळू बाळांच्या सिझरचं प्रमाण 50 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर गेलं.

पुढे 2004 मध्ये त्याच चाचणीतली काही मुलं दोन वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा मृत्यू आणि वाढीतली कमतरता यांत दोन्ही गटांमध्ये फरक दिसला नाही. चाचणीतल्या काही बाळंतपणांना पुरेसा अनुभवी हात हजर नव्हता, हा आक्षेपही पुढे आला. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या आठ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास 2006 मध्ये आला. तिथे निवड काटेकोर होती, डॉक्टर सरावलेले होते, आणि दोन्ही पद्धतींत बाळांच्या धोक्यात लक्षणीय फरक नव्हता. कॅनडाच्या प्रसूतितज्ज्ञ संघटनेने 2009 मध्ये आपला सल्ला सौम्य केला. पण तोवर निवासी डॉक्टरांची एक अख्खी पिढी असं बाळंतपण न पाहताच तयार झाली होती.

काय हरवलं, ते नीट समजून घ्यायला हवं. एरवी सर्वांत मोठा भाग, म्हणजे डोकं, आधी येतं आणि वाट करून देतं. पायाळू बाळाचं डोकं शेवटी येतं. बाळ बेंबीपर्यंत बाहेर आलं की नाळ दाबली जाऊ लागते आणि मग मिनिटं मोजावी लागतात. घाबरून ओढलं तर बाळाचे हात डोक्यावर जातात, मान मागे कलते आणि डोकं अडकतं. म्हणून जाणता डॉक्टर आधी हात लांब ठेवतो. आईच्या कळांनी बाळाला खाली येऊ देतो, त्याची पाठ वर राहील एवढंच पाहतो. हात अडकलेच, तर पोटाला धक्का न लावता कमरेच्या हाडांवर धरून बाळाला फिरवतो आणि एकेक खांदा सोडवतो. मग बाळाला स्वतःच्या हातावर पालथं घेतो, दोन बोटं त्याच्या गालांच्या हाडांवर ठेवतो आणि हनुवटी छातीकडे झुकवत डोकं काढतो. हे पुस्तक वाचून येत नाही. कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकावं लागतं.

सिझरला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या हिशेबानुसार पायाळू बाळाचं ठरवून सिझर केलं तर हजारी सुमारे अर्धा मृत्यू होतो, नैसर्गिक मार्गाने सुमारे दोन. डोकं खाली असलेल्या बाळाच्या नैसर्गिक बाळंतपणात तो आकडा सुमारे एक आहे. फरक लहान असला तरी खरा आहे, आणि तो ऐकून एखादीने सिझर निवडलं तर तिचं बरोबरच आहे. पण गर्भपिशवीवरचा व्रण पुढच्या खेपेला सोबत येतो, हेही तिला त्याच वेळी सांगायला हवं. पुढच्या गर्भारपणात वार त्या व्रणावर रुजली तर ती पिशवीच्या भिंतीत खोल घुसू शकते. मग रक्तस्राव आवरत नाही, कधी पिशवीच काढावी लागते. दर सिझरगणिक हा धोका वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझरचं आहे, म्हणून हा प्रश्न केवळ पायाळू बाळांपुरता नाही.

शिवाय प्रत्येक पायाळू बाळ तारीख ठरवून येत नाही. काहींचं उलटेपण कळा सुरू झाल्यावरच ध्यानात येतं. कधी बाई दवाखान्याच्या दारात पोचते तेव्हा बाळाचा पाय बाहेर असतो. तालुक्याच्या ठिकाणी रात्री भूलतज्ज्ञ नसेल, तर त्या क्षणी सिझर हा पर्यायच उरत नाही. तिथे सगळं हजर असलेल्या हातांवर असतं. ते हात तयार ठेवणं वैद्यकीय महाविद्यालयांचं काम आहे. प्रत्यक्ष केसेस कमी मिळत असतील तर बाहुलीच्या सांगाड्यावर वारंवार सराव घ्यावा, पण परीक्षेत तोंडी उत्तर देऊन सुटका नको.

आणखी एक उपाय आहे, त्याबद्दल आयांना फार कमी सांगितलं जातं. छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीत पाहत, पोटावर बाहेरून हातांनी हळूहळू दाब देत बाळ फिरवता येतं. सुमारे निम्म्या वेळा ते फिरतं. दोनशेत एखादीला लगेच सिझर लागतं, म्हणून हे ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयातच करायचं. घरी पोट चोळून घेणं धोक्याचं. घरात कुणी गरोदर असेल, तर छत्तिसाव्या आठवड्यात डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: बाळाचं डोकं कुठे आहे, आणि ते वर असेल तर बाळ फिरवून पाहता येईल का?