सायबाच्या सावलीबाहेर

जुन्या गोव्यात दहा वर्षांनी एकदा भरणारं फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन ४ जानेवारी २०१५ रोजी संपलं. त्यानंतर दहाच दिवसांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी बाणावलीच्या जुझे वाझ यांना संत म्हणून घोषित केलं. झेवियर म्हणजे 'गोंयचो सायब'. त्यांच्या चांदीच्या पेटीसमोर सगळ्या धर्मांची माणसं रांगा लावतात. वाझ यांच्या देहाचा मात्र ठावठिकाणा नाही. १७११ साली कँडीत त्यांना पुरलं, पण त्या थडग्याची नेमकी जागा आज कुणाला दाखवता येत नाही.

मराठी माणसाच्या डोक्यात गोव्याच्या ख्रिस्ती धर्माचं चित्र पक्कं आहे: पाडलेली देवळं, इन्क्विझिशन आणि पाद्र्याच्या मागे उभा असलेला पोर्तुगीज शिपाई. ते चित्र खोटं नाही. झेवियर राजाच्या पाठबळावर आले होते आणि गोव्यात इन्क्विझिशन हवं असं १५४६ साली त्यांनीच राजाला लिहिलं होतं. पण या चित्रात वाझ कुठे बसवायचे, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारलेला नाही.

वाझ यांचा जन्म १६५१ चा, आजोळ बाणावलीचं, घराणं बाटलेल्या ब्राह्मणांचं. १६७६ साली ते पाद्री झाले. युरोपीय संघ स्थानिक पाद्र्यांना बरोबरीने घेत नसत, म्हणून गोव्यातल्या काही पाद्र्यांनी ओरेटरी हा आपला संघ उभा केला. वाझ त्यात गेले आणि प्रमुखही झाले. गंमत अशी की गोऱ्यांच्या भेदभावाला उत्तर म्हणून निघालेल्या या संघातही बहुतेक भरणा ब्राह्मण घराण्यांचाच होता. धर्म बदलला तरी जात सुटली नव्हती.

तेव्हाच्या सिलोनमध्ये डचांनी १६५६ ला कोलंबो आणि १६५८ ला जाफना पोर्तुगीजांकडून घेतलं होतं. डच कॅल्विनपंथी. त्यांच्या राज्यात कॅथलिक पाद्र्याला थारा देणं हाच गुन्हा होता. तीसेक वर्षं तिथल्या कॅथलिकांना पाद्री दिसला नव्हता. १६८७ साली वाझ जॉन नावाच्या सेवकासह तिकडे निघाले. अंगावर हमालाचे कपडे, पाय अनवाणी. गोव्यातल्या ब्राह्मण घरात हमाल ओसरीवरही चढला नसता.

जाफन्यात पोचेपर्यंत ते आजारी पडले. बरे झाले तेव्हा पुढचा प्रश्न होता: कॅथलिक ओळखायचे कसे? विचारायची सोय नव्हती. विचारणाराही पकडला जायचा आणि उत्तर देणाराही. वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत हिंडू लागले. भिकाऱ्याच्या गळ्यातल्या माळेकडे बहुतेकांचं लक्ष जात नसे. ज्याची नजर तिच्यावर अडखळे, तो आपला.

आता ही माणसं कोण होती? त्यांचे आजे-पणजे पोर्तुगीज अमलाखाली ख्रिस्ती झालेले, कुणी दडपणाखाली, कुणी फायद्यासाठी, कुणी मनापासून. तिन्ही कारणांतली पहिली दोन डच आल्याबरोबर संपली होती. उलट आता कॅथलिक राहण्यातच धोका होता. तरीही लोक राहिले. 'तलवारीने झालं' एवढंच म्हणणाऱ्याला हे तीस वर्षांचं कोडं सोडवावं लागेल. मला ते पुरतं सुटलेलं नाही, पण वाझ यांची थोरवी त्या कोड्याच्या आसपास आहे असं वाटतं. सत्तेने पेरलेल्या धर्माची मशागत त्यांनी सत्तेला टाळून केली.

१६९२ साली ते कँडीच्या सिंहली राज्यात शिरले, तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून तुरुंगात पडले. आळ घेणारा होता एक फ्रेंच प्रोटेस्टंट. ख्रिस्त्याने पकडवून दिलं आणि बौद्धाने सोडलं! राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा काही उदासीन बौद्ध नव्हता. बुद्धाच्या दंतधातूसाठी त्याने मंदिर बांधलं, भिक्खूंची खंडित परंपरा जोडण्यासाठी आराकानहून भिक्खू आणवले. त्याच राजाने वाझ यांना मोकळीक दिली. वाझ यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला म्हणून, असं चरित्रकार सांगतात. मला १६९७ च्या देवीच्या साथीचं मोल जास्त वाटतं. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले, घरच्या माणसांनी रोग्यांना टाकलं. तेव्हा वाझ आणि त्यांचा भाचा जुझे कार्व्हाल्यो कँडीत थांबले. धर्म न विचारता त्यांनी रोग्यांना धुतलं, भरवलं, मेलेल्यांना पुरलं.

१७०५ साली दिवाडीचे जाकोम गोन्साल्व्हिस मदतीला आले. ते सिंहली शिकले आणि त्या भाषेत त्यांनी इतकं लिहिलं की सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ त्यांच्यापासूनच मोजतात. १६ जानेवारी १७११ ला वाझ वारले, तरी गोव्याहून पाद्री जातच राहिले. डचांना ही वाट शेवटपर्यंत बंद करता आली नाही. ओरेटरी बुडाली ती लिस्बनच्या कॅथलिक सरकारमुळे: १८३४ साली त्याने पुरुषांचे सगळे धार्मिक संघ बरखास्त केले, त्यात हिचाही नंबर लागला.