नजर जरा बाजूला ठेवून

१४०७ साली फिरोजशाह बहमनीनं वेधशाळा बांधायला काढली. त्याची राजधानी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला. जागा मात्र निवडली दौलताबादजवळ, बालाघाटाच्या माथ्यावर. हकीम हसन गिलानी आणि सय्यद मुहम्मद काझरूनी अशी दोन जाणती माणसं कामावर नेमली. काम चालू असताना हकीम वारले आणि वेधशाळा तिथंच राहिली. फिरिश्तानं आपल्या इतिहासात ही हकिकत चार ओळींत उरकली आहे.

मला त्या चार ओळी सोडत नाहीत. समरकंदला उलुग बेगची नावाजलेली वेधशाळा उभी राहिली ती यानंतर, १४२० च्या दशकात. दिल्ली-जयपूरच्या जंतरमंतरला तर अजून तीनशे वर्षं अवकाश होता. आणि फिरोजशाह काही नुसता हौशी सुलतान नव्हता. आठवड्यातले तीन दिवस तो स्वतः शिकवायला बसे, दिवसा दरबारातून सवड झाली नाही तर रात्री बसे, असं फिरिश्ताच सांगतो. राजाला गोडी होती, खजिना होता, डोंगरमाथा होता, वर दख्खनचं कोरडं आकाश होतं. एक माणूस गेला आणि सगळं बसलं. एका माणसाच्या जिवावर चालणाऱ्या संस्था आपल्याकडे आजही कमी नाहीत, पण ते असो.

पुढे फिरोजशाहाचा भाऊ अहमदशाह यानं राजधानी बिदरला आणली. त्या बिदरला खेटून मैलूर. आता खेटून म्हणण्यातही अर्थ नाही. शहर पसरत आलं आणि मैलूर त्यात जमा झालं. जुन्या घरांची माळवदं जाऊन स्लॅबच्या गच्च्या आल्या, रस्त्यांवर पांढरे दिवे आले. तरी हे पठार आहे, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर, आणि मार्गशीर्षात इथली हवा अशी निवळते की चंद्र नसलेल्या रात्री गच्चीवर गेलं तर हात हलवत परत यावं लागत नाही. त्यातून लाईट गेली तर विचारायलाच नको. एरवी लाईट गेली की आम्ही सगळे कुरकुरतो. त्या महिन्यात मी मनातल्या मनात खूश असतो.

इथून काय दिसतं? बिदर जवळपास अठरा अक्षांशावर, म्हणून उत्तरेला ध्रुव क्षितिजापासून अठरा अंशांवर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की त्यांच्या जरा खालीच तो सापडतो. दक्षिणेला रात्री दहा-अकराच्या सुमारास अगस्ती वर येतो, जो युरोपातल्या बहुतेक लोकांना घरबसल्या कधीच दिसत नाही. उत्तरेचंही बरंचसं आकाश आपलं, दक्षिणेचंही. अशी जागा फुकट मिळाली आहे.

आणि देवयानी. संध्याकाळचं जेवण आटोपून आठच्या सुमारास वर गेलं की वायव्येकडे, डोक्यापासून थोडा कललेला, भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसतो. त्याचा एक कोपरा देवयानीतला. त्या कोपऱ्यापासून तारकांची ओळ धरून दोन तारे पुढे जायचं, मग काटकोनात वळून दोन मंद तारे चढायचं. तिथं एक फिकट पुसट डाग असतो. हीच ती देवयानी दीर्घिका. दहाव्या शतकात इराणमधल्या अल-सूफीनं ‘छोटासा ढग’ म्हणून तिची नोंद केली होती. आपल्यापासून पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब. साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत याहून लांबचं काही सहसा दिसत नाही.

सहसा ती पहिल्या झटक्यात दिसत नाही. माणूस मान वर करतो, डोळे ताणतो, नेमकं जिथं बोट दाखवलं तिथं रोखून बघतो आणि म्हणतो, काही नाही. तेव्हा त्याला सांगायचं, तिच्याकडे बघू नको, जरा बाजूला बघ. नजर किंचित शेजारी नेली की डोळ्याच्या कडेला तो डाग हळूच उमटतो. परत सरळ बघितलं की गायब. यात जादू काही नाही. बुबुळाच्या सरळ मागे पडद्याचा जो मधला भाग आहे तिथं रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशींची दाटी, पण अंधुक उजेड पकडणाऱ्या पेशी तिथं नाहीतच. त्या आहेत आजूबाजूला. शिवाय त्या पेशींना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतात. एवढ्यात कुणी खिशातून मोबाईल काढून वेळ बघितली की सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

ही वीस-पंचवीस मिनिटं लोकांना जड जातात. शेजारची पोरं वर येतात, त्यांना मी आधी नुसतं बसवून ठेवतो. त्यांची चुळबूळ सुरू होते. मग मृगाकडे वळायचं. तोवर मृग पूर्वेला चांगला वर आलेला असतो. तिकांड्याच्या खाली जी उभी छोटी रांग लोंबते, तिच्या मध्यावर दुर्बीण रोखायची. साधी, दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीण पुरते. तिथं धुरकट पांढरट झुपका दिसतो आणि त्यात दोन-चार तारे रुतलेले. नवे तारे जिथं घडतात, असा हा मृगातला तेजोमेघ.

“एवढंच?” एक मुलगी म्हणाली. “काका, फोटोत तर लाल-जांभळा असतो.”

तिचं बरोबर होतं. फोटोही बरोबर असतात. तिथला हायड्रोजन खरंच तांबड्या रंगात उजळतो. पण कॅमेरा तासन्‌तास डोळा उघडा ठेवून उजेड साठवत जातो आणि आपला डोळा तसं साठवत नाही. शिवाय अंधारात काम करणाऱ्या त्या पेशींना रंगाची जाणच नसते. जेम्स वेबसारख्या दुर्बिणीचं तर जवळजवळ सगळं काम अवरक्त किरणांत, जे आपल्याला मुळात दिसतच नाहीत. त्या चित्रांतले रंग शास्त्रज्ञांनी समजुतीसाठी दिलेले असतात. ही चित्रं मलाही आवडतात. माझी तक्रार इतकीच की ती बघून बघून आकाश आयतं असल्याची सवय लागते. अंगठ्यानं सरकवलं की दीर्घिका, पुन्हा सरकवलं की तेजोमेघ. मग गच्चीवरचा तो करडा डाग गरीब वाटायला लागतो. खरं तर त्या डागातला उजेड स्वतः तुमच्या डोळ्यात येऊन संपतो. चित्राच्या बाबतीत तसं होत नाही.

आणि तो उजेड कधीचा, हेही बघण्यासारखं आहे. त्याच मृगातला तांबूस काक्षी किती लांब यावर अजून एकमत नाही. साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षं असे अंदाज आहेत. म्हणजे आज दिसणारा त्याचा उजेड निघाला तेव्हा दख्खनमध्ये बहमनींचं राज्य तरी होतं किंवा फिरोजशाहाच्या आज्या-पणज्यांचा काळ होता. कृत्तिका सुमारे चारशे चाळीस प्रकाशवर्षांवर. त्यांचा उजेड निघाला त्या वेळी बिदरच्या किल्ल्यात बरीदशाही होती. मृगातला तेजोमेघ साडेतेराशे प्रकाशवर्षांच्या आसपास, म्हणजे बदामीच्या चालुक्यांचा काळ. एका मृगाच्या परिसरात या मुलखाच्या तीन राजवटी एकदम दिसतात, आणि देवयानी तर माणूस माणूस होण्याच्या आधीची.

पण या आकड्यांनी उगीच हरखून जायचं कारण नाही, कारण मैलूरच्या घरांखालचा दगड त्याहून म्हातारा आहे. इथं वर जांभा आणि खाली काळा खडक. तो लाव्हा ओतला गेला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. कन्या राशीत एम ८७ नावाची राक्षसी दीर्घिका आहे. कृष्णविवराचं २०१९ मध्ये गाजलेलं पहिलं चित्र तिच्याच पोटातलं. तिचा उजेड आपल्याकडे यायला निघून सुमारे साडेपाच कोटी वर्षं झाली. म्हणजे आपल्या पायाखालचा खडक तिच्या उजेडापेक्षा जवळपास कोटभर वर्षांनी मोठा. उलट पुण्याच्या आयुका आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह चारशे कोटी प्रकाशवर्षांवर आहे. दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता तेव्हा तिथल्या उजेडाची वाट बहुतेक सरत आली होती.

बिदरमध्ये आकाशावर बोलायचं म्हटलं की कुणीतरी बिदरीची उपमा काढतंच. काळ्या धातूवर चांदीची नक्षी, तसं तारांगण. मला ती फारशी पटत नाही. बिदरीचा काळा रंग मुळातला नसतो. जस्त आणि थोड्या तांब्याचं ते भांडं आधी फिकटच असतं, त्यात चांदी ठोकून बसवतात आणि शेवटी किल्ल्यातली माती नवसागरात कालवून त्यावर चोळतात, तेव्हा धातू काळा पडतो आणि चांदी तशीच राहते. आकाशाचा काळा तसा मागाहून चढवलेला नाही. एका जागी मात्र उपमा चपखल बसते. वैशाखात पहाटे दक्षिणेला धनू-वृश्चिकाजवळ आकाशगंगा सगळ्यात दाट असते, आणि नेमकी तिथंच मधोमध काळी फट दिसते. तिथं तारे नाहीत असं नव्हे. मध्ये धुळीचे ढग आडवे आले आहेत आणि त्यांनी मागचे तारे झाकले आहेत. तो काळा मात्र खरोखर वरून चोळलेला.

या भागाचं आकाशाशी नातं फिरोजशाहापाशी तुटलं असं समजायचं कारण नाही. बिदर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं आणि हैदराबादला निजामिया वेधशाळा होती. नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या हौसेनं पंधरा इंची दुर्बीण आणून ती सुरू केली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये सरकारनं ती चालवायला घेतली. म्हणजे इथंही उभारणारा माणूस गेलाच, पण या वेळी काम थांबलं नाही. पॅरिसमध्ये १८८७ साली ठरलेल्या आकाशाच्या फोटो-नकाशाच्या कामात जगातल्या वीसेक वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले होते. त्यातला चिलीच्या सँटियागोकडचा रखडलेला एक पट्टा हैदराबादनं उचलला. व्याधाच्या जरा खालून निघून धनूतल्या आकाशगंगेला छेदत जाणारा तो पट्टा. काचेच्या पट्टीवर फोटो घ्यायचा, ती धुवायची, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि एकेका ठिपक्याची जागा मोजून वहीत लिहायची. असे लाखो ठिपके, कित्येक वर्षं. यात शोध लावल्याची वाहवा कुणाच्याही वाट्याला येणार नव्हती. एडविन हबलनं १९२३ मध्ये देवयानीतला एक बदलता तारा पकडून ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचं दाखवलं ते अमेरिकेत, शंभर इंची दुर्बिणीवर. तेव्हा हैदराबादला ठिपके मोजणं चालूच होतं. मला त्या मोजणाऱ्यांबद्दल हबलइतकंच वाटतं, कदाचित काकणभर जास्त.

त्यांचेच भाऊबंद अजून आहेत, फक्त ते वेधशाळेत नाहीत. हिवाळ्यात शेतावर थ्री फेज रात्रीची येते. हरभऱ्याला, उसाला पाणी द्यायला माणूस घोंगडी घेऊन रात्रभर बांधावर. दारं मोडायची, परत येऊन बसायचं. मोबाईलची बॅटरी संपली की वर बघण्याशिवाय काम नाही. तिकांडं कुठवर आलं, कलंडलं की नाही, सप्तर्षी कधी निघाले, हे या लोकांना पंचांगाशिवाय कळतं. तो पुसट डागही त्यांच्यातल्या पुष्कळांनी पाहिलेला असणार, फक्त तो काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी एकाला देवयानी दाखवली तर तो म्हणाला, “हे व्हय? हे तर रोजच असतंय.” त्याला बाजूला बघायला सांगावं लागलं नाही.

आता पोरांच्या डोक्यात एम ८७ बसली आहे. घराखालच्या दगडाहून लहान असलेला उजेड बघायचाच, असा हट्ट. तिला चैत्र-वैशाख लागतो, कन्या रास तेव्हा संध्याकाळी वर येते आणि परीक्षाही संपलेल्या असतात. पण साध्या दुर्बिणीवर ते भागायचं नाही, सहा इंची तरी हवी. ती आणायची कुठून यावर सध्या खल चालू आहे. एकानं आपल्या हैदराबादच्या मामाकडे आहे म्हणून सांगून टाकलंय. मामाला अजून कुणी विचारलेलं नाही.