सुटं व्यसन, ठोक सुटका

नगर शहरातल्या सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकापासून भिस्तबागेपर्यंत कोणत्याही टपरीसमोर पाच मिनिटं उभं राहिलं, की तंबाखूचं अर्थकारण समोर उलगडतं. एमआयडीसीतली पाळी संपवून आलेला कामगार पाकीट मागत नाही, एक सिगारेट मागतो. खांबाला दोरीनं बांधलेल्या लायटरवर ती पेटवतो, दोन झुरके मारून सोबत्याकडे देतो आणि पैसे वहीत मांडायला सांगतो. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी घातली. तरी व्यवहार सुट्याचाच राहिला, कारण रोजावर जगणाऱ्याची खरेदीही रोजचीच असते.

सिगारेटला पर्याय म्हणून आलेल्या ई-सिगारेटवर आपल्याकडे वाद होतो तो बंदी असावी की नसावी एवढाच. त्यात हा कामगार कुठेच नसतो. धूर सोडून दुसऱ्या साधनाकडे वळणं हा आरोग्याइतकाच ऐपतीचा आणि सोबतीचा प्रश्न आहे. व्यसन आपण सुटं विकतो आणि सुटका मात्र ठोक मापात देऊ करतो. गरिबाला ती परवडत नाही, एवढं साधं हे गणित आहे.

होन लिक या चिनी औषधतज्ज्ञानं २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटला रूप दिलं. ते स्वतः सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. तलफ लावतं ते निकोटिन, पण जीव जातो तो मुख्यतः जळत्या तंबाखूतल्या टारनं आणि विषारी वायूंनी. मग न जाळता, द्रव तापवून निकोटिनची वाफ दिली तर? विचार चुकीचा नव्हता. इंग्लंडच्या सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेटऐवजी असं साधन मोफत देण्याची योजना जाहीर केली. तिथे सिगारेटचं पाकीट करांमुळे दहा पौंडांच्या वर गेलं आहे आणि वाफ त्या मानानं बरीच स्वस्त पडते. सिगारेट सोडली की महिनाअखेर हातात पैसे उरतात. ते साधन चाललं यात विज्ञानाइतकाच या उरलेल्या पैशांचा हात आहे.

याच साधनाची दुसरी बाजू अमेरिकेनं पाहिली. तिथल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हायस्कूलमधली २७.५ टक्के मुलं ई-सिगारेट ओढताना आढळली. कधीच सिगारेट न ओढलेली पोरं फळांच्या चवीच्या वाफेनं निकोटिनला लागली. इंग्लंडलाही १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या ई-सिगारेटवर (व्हेपवर) बंदी आणावी लागली.

भारतानं १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमानं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात, सगळंच बंद केलं. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांच्या काळजीपोटी हा कायदा झाला आणि ती काळजी मला पटते. पण बंदीच्या आडून व्हेप मिळतंच. ज्याच्याकडे चांगला फोन, ओळखी आणि एकरकमी पैसे आहेत त्याला ते मिळतं. विडी ओढणारा हमाल त्या वाटेवर नाही. उद्या बंदी उठली तरी तो त्या वाटेवर येणार नाही. दोन सिगारेटींच्या पैशांत विडीचं अख्खं बंडल येतं. विडी सोडून वाफेकडे वळला तर त्याचा खर्च वाढेल. इंग्लंडचं गणित इथे उलटं होतं.

दुसरी अडचण सोबतीची. आपल्याकडे सिगारेट एकट्यानं क्वचितच ओढली जाते. चहा, गप्पा, पाळीतली विश्रांती, नव्या माणसाशी ओळख, सगळं तिच्याभोवती घडतं. 'सोडली' म्हणणारा टपरीवर जायचा थांबतो आणि मित्रांतूनही सुटतो. दुसरीकडे, घरात वडीलधाऱ्यांचा धाक टिकून होता तो वासामुळे. शर्टाला येणारा वास आईला कळायचा आणि त्या भीतीनं अनेक पोरं आवरली गेली. वाफेला तसा वास नाही. म्हणजे जुन्या ओढणाऱ्याला ती सोबत देत नाही आणि नव्या पोराला घरच्यांच्या नजरेतून सोडवते. आपल्या समाजात ती जुन्यांना सोडवण्यापेक्षा नव्यांना अडकवण्याचीच शक्यता जास्त आहे.

आणि मुळात आपला मोठा शत्रू धूर नाहीच. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले, तर खाण्या-लावण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. तळहातावर चुना घेऊन मळलेली चिमूट, पहाटे दातांना लावलेली मशेरी, २०१२ पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा: यांना ई-सिगारेट काय पर्याय देणार?

या हिशेबात नगरच्या विडी कामगार बायकांना विसरता येत नाही. तोफखान्यात आणि सावेडीच्या श्रमिकनगरसारख्या वस्त्यांत पद्मशाली समाजातल्या कितीतरी बायकांनी विड्या वळून संसार ओढले. मांडीवर सूप, भिजवलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजार विड्यांमागे, आणि नापसंत विड्यांची छाट तिच्याच माथी. तंबाखूची धूळ घरात, लेकरांच्या श्वासात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं सिगारेटवरचा कर ४० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं, आणि त्याच बैठकीत विडीवरचा २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं. विडीला सवलत द्यायची वेळ आली की या बाईचं नाव पुढे केलं जातं. पण कर उतरला म्हणून तिची मजुरी आपोआप चढत नाही. विडी तेवढी स्वस्त राहते. तिच्या नावानं गरीब पुरुषाची फुप्फुसं स्वस्तात जाळायची, हे मला मान्य नाही. विडीवरचा कर वाढवावा आणि तो पैसा तिला दुसरं काम शिकवायला, तिच्या लेकींच्या शिक्षणाला लावावा.

सुटकाही सुटी मिळायला हवी. निकोटिनच्या च्युइंगमसारखे उपचार जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत, आपल्या राष्ट्रीय यादीत २०२२ पासून. तरी टपरीसमोरच्या माणसाला ते ठाऊक नसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि कारखान्याच्या दवाखान्यात ते फुकट, आठवड्याच्या मापानं मिळावेत. पाकिटावर १ सप्टेंबर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा मदतीचा क्रमांक छापला जातो. पण सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीटच येत नाही. तो क्रमांक मराठीत, ठळक अक्षरांत प्रत्येक टपरीवर आणि कारखान्याच्या फाटकावर लागला पाहिजे. सोडणाऱ्यांचे गट पाळीच्या सुट्टीतच भरले, तर सोबत तुटणार नाही.

ई-सिगारेटवरची बंदी राहू द्यावी, असं माझं मत आहे. पण २०१९ मध्ये सरकारनं एक दार बंद केलं, तेव्हाच दुसरं उघडणं हे त्याचं कर्तव्य होतं. ज्याच्या खिशात एका सिगारेटीपुरतेच पैसे आहेत, त्याला तेवढ्याच पैशांत, शक्यतो फुकट, व्यसनातून बाहेर पडता आलं पाहिजे. तंबाखूविरोधी धोरण खरं की खोटं, हे त्याच माणसावरून ठरवावं.